कार्रुसपुढचं वर्तुळ

खोली क्र. १७, मुलींचं वसतिगृह
१२ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, खानावळीचं जेवण नेहमीसारखंच पुचाट आहे, आणि मोटार-दुरुस्तीच्या वर्गात आम्ही तीनच मुली असल्यामुळे सरांना काहीही विचारायचं झालं की आमचीच तोंडं दिसतात. गेल्या आठवड्यात मी अख्खा गिअरबॉक्स उघडून परत जोडला आणि एकही नट उरला नाही. बाबांच्या शेडमध्ये ट्रकची बॉडी बांधताना मिस्त्र्यांचेसुद्धा रोज दोन-चार उरतात!

आता मुद्द्याचं. सुट्टीला घरी जाताना मी दोन दिवस तुझ्याकडे उतरले होते. तुझ्या शब्दकोशाच्या ऑफिसात लॅटिन शब्दांच्या चिठ्ठ्यांचे ते खण तू उघडून दाखवलेस आणि शब्दापुढे कुठली खूण कशासाठी करता ते शिकवलंस. फुली म्हणजे वापरातून गेलेला. प्रश्नचिन्ह म्हणजे मूळ सापडत नाही. आणि बारीकसं पोकळ वर्तुळ म्हणजे मूळचा इथला नव्हे, दुसऱ्या भाषेतून घेतलेला. मी तेव्हा म्हणाले होते की किती सोपं आहे हे, आणि तू खूश झाली होतीस.

घरी पोचले तर आईने पिशवी खाली ठेवायच्या आत तसबिरी पुसायला लावल्या. आजोबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू काढलेला घराण्याचा वंशवृक्ष पुढच्या खोलीत लावलाय ना, तोही पुसला. सगळ्यांची नावं तुझ्या त्या मोत्यासारख्या अक्षरात. आणि एकट्या माझ्या नावापुढे बारीकसं पोकळ वर्तुळ.

आधी वाटलं शाई उडाली असेल. मग बाबांचं भिंग आणून बघितलं. उडालेली शाई इतकी गोल आणि आतून इतकी कोरी नसते, मावशी.

घरात मी कुणाला काही विचारलं नाही. जेवले, हसले, आईने दिलेला डबा घेतला आणि निघून आले. तेव्हापासून तिची तीन पत्रं आली आहेत, ती उशीखाली तशीच आहेत, फोडलेली नाहीत. तुला विचारते कारण खूण तुझ्या हातची आहे. मी या घरातली आहे की घेतलेली आहे? गोड बोलून टोलवाटोलवी करू नकोस. आणि आईला यातलं अक्षरही कळवू नकोस.

लोभ ठेवायचा की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

भिंगरी


कोश कार्यालय, दुसरा मजला
१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र सकाळी हातात पडलं आणि चहा तसाच गार झाला. काहीतरी थाप मारावी म्हणून दोनदा कागद पुढे ओढला. दोन्ही वेळा तुझं ते भिंग डोळ्यांपुढे आलं. जी पोरगी भिंग आणून बघते तिला थाप मारून काय मिळणार?

हो. तू बरोबर वाचलंस. तू सात महिन्यांची होतीस तेव्हा या घरात आलीस.

वर्तुळ माझंच. पण मुद्दाम काढलं नाही गं. तो वंशवृक्ष मी ऑफिसातच, जेवणाच्या सुट्टीत, याच टेबलावर, याच पेनाने काढला. सकाळपासून साठ-सत्तर चिठ्ठ्यांवर खुणा करून झाल्या होत्या. तुझं नाव लिहिलं, तू आलीस तो दिवस मनात येऊन गेला, आणि हाताने आपलं रोजचं काम केलं. डोक्याला पत्ताही लागला नाही. चार वर्षं ते चित्र भिंतीवर आहे, त्याखाली बसून मी शंभरदा चहा प्याले असेन, कधी दिसलं नाही. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेते मी, आणि माझी ही तऱ्हा! मला माफ कर. मनापासून मागते आहे.

तू कुणाची, कुठली, कशी आलीस, हे मला ठाऊक आहे. पण ते सांगणं ताईचं काम आहे, माझं नाही. म्हणून मी आज ताईला लिहिते आहे. तू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. याबद्दलचा राग वेगळा धर, पहिल्यात मिसळू नकोस.

मला अधिकाराने बोलता येतं ते फक्त त्या वर्तुळाबद्दल. सध्या माझ्या टेबलावर 'कार्रुस' आहे. लॅटिनमध्ये गाडी, ओझ्याची. त्याच्यापुढेही तेच वर्तुळ आहे. रोमन लोकांकडे गाड्यांना स्वतःचे शब्द होते. जड बैलगाडीला ते 'प्लाउस्ट्रुम' म्हणत. पण उत्तरेला राहणाऱ्या गॉल लोकांच्या गाड्या त्यांनी पाहिल्या आणि गाडीबरोबर तिचं नावही उचललं. मग त्या शब्दाला काही वेगळं वागवलं का? अजिबात नाही. लॅटिनच्या सगळ्या विभक्त्या त्याला लागल्या, घरच्या शब्दांना लागतात तशाच. आज प्लाउस्ट्रुमचा वंश जवळजवळ खुंटला आहे आणि या बाहेरून आलेल्याची लेकरं जगभर फिरताहेत. कार त्याची. कार्गो त्याचा. बॅटरी चार्ज करतेस तो चार्जही त्याचाच, मूळ अर्थ गाडीत ओझं भरणं. करिअर म्हणजे आधी गाड्यांचा रस्ता. तुझ्या सायकलचं कॅरिअरसुद्धा त्याच घरचं.

आमच्याकडे त्या वर्तुळाचा अर्थ 'कुठून आला' एवढाच आहे. 'कुणाचा आहे' असा नाही.

रागाने का होईना, दोन ओळी लिही. आईची पत्रं फोड.

तुझी
मावशी


कोश कार्यालय
१७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी बस, मग वाच. भिंगरीला कळलं आहे. कुणी चुगली केली नाही, माझ्याच हाताने घोळ केला. तिचं पत्र सोबत जोडलं आहे, ते वाचलंस की सगळं लक्षात येईल. माझ्यावर काय ओरडायचं ते ओरड, मी कान धरून उभी आहे. पण ओरडून झालं की पेन हातात घे. तिला मी 'हो' एवढंच कळवलं आहे, पुढचं तुझ्यासाठी ठेवलं आहे. ती थांबली आहे, ताई. फार दिवस थांबेल असं वाटत नाही.

भावोजींना आणि आजोबांना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

धाकटी


घर
२२ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला गेला, तुझ्या वर्तुळासारखाच. आज तो मनातून निघत नाहीये.

काय केलंस हे? सतरा वर्षं मी जिवापाड जपलं. शेजारणींच्या तोंडाला कुलपं घातली, जुनं घर सोडून इथे आलो, तिच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर मी बेधडक सही केली. आणि तू एका टिंबाएवढ्या खुणेने सगळं उघड्यावर आणलंस. यांनी ती तसबीर भिंतीवरून काढली, बघितली, परत लावली आणि शेडमध्ये जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत. मी दिवसभर पोस्टमनची वाट बघते आणि तो आला की मला धडकी भरते.

हे दोन दिवसांपूर्वी लिहून ठेवलं होतं. फाडणार होते, पण असू दे. रागावले होते हे तुला कळलं पाहिजे. आता राग निवला आहे आणि खाली जे उरलंय ते रागापेक्षा वाईट आहे.

तुला एक गोष्ट ठाऊक नाही. तुला वाटतं, मी तिच्या भल्यासाठी लपवलं. यांनाही तसंच वाटतं. शिवणवाली तुला आठवते ना, आमच्या शेडमध्ये ट्रकच्या सीटांना रेक्झिन शिवायची ती? उंच, जराशी पुढे वाकून चालायची, आणि मशीन चालवताना गुणगुणायची. नवरा केव्हाच सोडून गेलेला, फुप्फुसं खराब झालेली. तिने भिंगरीला माझ्याकडे दिली तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो. तिने माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाली, पोर दहा वर्षांची झाली की तिला सांगायचं. सांगायचं की मी तुला टाकली नाही, हातात दिली. तेव्हा मी शुद्धीत होते, तापात नव्हते, विचार करून दिली. एवढंच तिला कळलं पाहिजे, बाकी तिच्यापाशी माझं काही ठेवू नका. पुढच्या महिन्यात ती गेली.

भिंगरी दहाची झाली. मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मग म्हटलं, अकरावं लागू दे. मग गोवर झाला, मग आजोबांचं ऑपरेशन, मग तिची दहावी. दरवर्षी मला कारण सापडत गेलं. खरं कारण एकच. ती मला हाक मारते ना, त्या हाकेत काही फरक पडला तर मी जगणार नाही असं मला वाटायचं. मेलेल्या बाईला दिलेला शब्द मी सात वर्षं मोडते आहे. वचन ऐकलेलं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मोडता आला.

आता सांग, हे मी तिला कुठल्या तोंडाने लिहू? आई नाही हे एक, आणि वर शब्दाची खोटी, हे दुसरं.

माझ्याकडून लोभाची अपेक्षा इतक्यात करू नकोस. पण उत्तर लवकर दे.

ताई


खोली क्र. १७
२३ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खरं बोललीस म्हणून नमस्कार लिहिला आहे. आईला कळवलंस त्याचा राग वेगळा धरला आहे, तू सांगितलंस तसाच.

पण तुझा कार्रुस मला पटला नाही. आमच्या वाचनालयात एक जाडजूड इतिहासाचं पुस्तक आहे, त्यात मी तुझ्या गॉल लोकांचं पुढे काय झालं ते वाचलं. लढाया हरले. रोमन त्यांच्यावर राज्य करायला लागले आणि हळूहळू त्यांची भाषाच मेली. म्हणजे ज्या घरातून शब्द आला ते घरच उरलं नाही! आणि तू मला सांगतेस, बघ कसा छान नांदला, किती लेकरं झाली. गाडीला कुणी विचारलं होतं का? तिला विभक्त्या लावल्यात, तिला आवडल्या का?

मी गाडी नाही, मावशी. रोज आरशासमोर उभी राहते. बाबांसारखा अंगठा आहे असं सगळे म्हणायचे, तो कुणासारखा आहे? आईसारखी मी पटकन चिडते म्हणायचे, ते कुणाचं? पाना हातात घेतला तरी हेच डोक्यात. काल सरांनी क्लच प्लेट बसवायला सांगितली, मी उलटी बसवली. मी! सगळा वर्ग बघत राहिला.

मला दोनच गोष्टी हव्या आहेत. मला कुणी टाकलं होतं का, हे कळायला हवं. आणि आई इतकी वर्षं गप्प का बसली, हे तिच्याच तोंडून हवं. पत्रातून नको. तिची पत्रं मी उघडणार नाही, कारण पत्रात माणूस चांगलं चांगलं निवडून लिहितं. तूसुद्धा तसंच लिहिलंस.

जाता जाता, तुझ्या नोंदीत नुसतं 'गाडी' लिहू नकोस. दोन चाकं की चार? ओझ्याची की माणसांची? आमच्या वर्गात असं मोघम लिहिलं तर शून्य मिळतं.

लोभ अर्धा ठेवला आहे.

भिंगरी


कोश कार्यालय
२८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शून्य मान्य. चार चाकांची, सामान वाहायची, बहुतेक करून सैन्याच्या मागून जाणारी. नोंद दुरुस्त केली. आमच्या मुख्य संपादकांनी विचारलं, हे कुणी सुचवलं? मी सांगितलं, गिअरबॉक्स जोडणाऱ्या एका बाईंनी.

आणि तू पकडलंस ते खरं आहे. मी तुला निवडून निवडून चांगलं लिहिलं. भाषा मेली हे मला ठाऊक होतं आणि मी ते गाळलं. तुला बरं वाटावं म्हणून केलं, आणि आपल्या घरात सगळी गडबड याच कारणाने होते असं आता दिसतंय.

म्हणून आज न गाळता लिहिते. रोमन लोकांनी शब्द घेतला तेव्हा गॉल लोक होते, त्यांच्या गाड्या धावत होत्या. भाषा नंतर गेली. सुरुवातीच्या दाखल्यांत कार्रुस म्हणजे बहुतेक ठिकाणी 'त्या लोकांची गाडी'. पुढे पुढे तो रोमन सैन्याच्या स्वतःच्या गाड्यांनाही लागतो. मधली तारीख मी फार शोधली. सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने लावून बघितल्या, पण अमुक दिवशी तो परका राहिला नाही असं सांगणारी चिठ्ठी नाही. बोलता बोलता केव्हातरी झालं, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

आणखी एक. या शब्दाचं आणि लॅटिनमधल्या 'धावणं' या शब्दाचं मूळ फार फार मागे एकच आहे, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे दूरचं नातं निघतं. पण ते मी तुला समजूत म्हणून सांगत नाही. घेणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं. नातं आहे म्हणून त्यांनी घेतला नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ताईच देईल, मी तिला तुझी अट कळवली आहे. मी एवढंच म्हणेन की ते उत्तर ऐकायला घाबरू नकोस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तिला द्यायला जड जाणार आहे. ती चुकली आहे आणि तिला ते ठाऊक आहे. तू रागाव, तुझा हक्क आहे. फक्त तिचं बोलणं पुरं होईपर्यंत उठून जाऊ नकोस.

उरलेला अर्धा लोभ मागत नाही. जो दिलास तो सांभाळून ठेवते.

तुझी
मावशी


घर
१ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, या वेळी मनापासून.

रविवारी सकाळच्या बसने जाते आहे. हे बरोबर येतो म्हणाले, मीच नको म्हटलं. वचन मी एकटीने दिलं होतं. काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं, पाठ केलं, मग वाटलं पाठ केलेलं तिला लगेच कळेल, म्हणून कागद चुलीत घातला. धाकटे, तिने दार लावून घेतलं तर मी काय करू, हेही तू सांगितलं नाहीस.

यांनी तिच्यासाठी पान्यांचा नवा संच दिला होता. तोही घरीच ठेवला. लाच दिल्यासारखं वाटलं.

माझ्यावर तुझी माया आहे ना, ती रविवारी जरा जास्त कर.

ताई


खोली क्र. १७
५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

रविवारी आई आली. फाटकाजवळ भेटायला येणाऱ्यांची वही असते. नाव, वेळ, कुणाला भेटायचं, आणि शेवटी नातं. आईने नाव लिहिलं, वेळ लिहिली, माझं नाव लिहिलं. शेवटची जागा कोरीच सोडली. पहारेकरी काका तेव्हा फोनवर होते, त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पण मी काही बोलले नाही, कारण मला तेव्हा तिला त्रास व्हायला हवा होता. हे लिहायला लाज वाटते, पण आपलं आता खरं लिहायचं ठरलंय.

आम्ही मागच्या पत्र्याच्या शेडपाशी बाकावर बसलो. पहिला पाऊण तास मी तिच्याकडे बघितलंच नाही, समोरच्या जुन्या इंजिनाचे बोल्ट मोजत होते. ती मात्र थांबली नाही. शिवणवालीबद्दल सांगितलं. ती किती उंच होती, कशी चालायची, कसली कसली गाणी गुणगुणायची. माझा अंगठा तिचा आहे, मावशी. रेक्झिन ताणताना तिचाही असाच मागे वळायचा, आणि माझा जन्मापासूनच तसा आहे म्हणे. मग आईने तिचा निरोप सांगितला, शब्दाला शब्द. टाकली नाही, हातात दिली. शुद्धीत होते. विचार करून दिली.

हा निरोप मला सात वर्षांपूर्वी मिळायला हवा होता, हेही आईनेच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. मी खूप ओरडले. दोन मुली खिडकीतून बघायला लागल्या. मी म्हणाले, तो निरोप तुझा नव्हता, माझा होता, तू माझी वस्तू दाबून ठेवलीस. ती हो म्हणाली. मी म्हणाले, तू स्वतःपुरतं बघितलंस. ती त्यालाही हो म्हणाली. कशालाच नाही म्हणत नसलेल्या माणसाशी भांडणार तरी किती?

मी तिला माफ केलं का, असं विचारू नकोस. नाही केलं अजून. होईल तेव्हा होईल, तुझ्या कार्रुससारखीच त्याचीही तारीख सापडणार नाही बहुतेक. पण क्लच प्लेट काल सुलटी बसवली.

पाच वाजता तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. जाण्याची वेळ लिहायला काकांनी वही पुढे केली आणि नातं कोरं बघून तिला भरायला सांगितलं. आईने पेन घेतलं. मग नुसती उभी राहिली. बालवाडीपासून माझ्या प्रत्येक फॉर्मवर जो शब्द ती न विचारता लिहीत आली, तो तिला लिहवेना. काका म्हणाले, अहो बाई, कोण लागता तुम्ही हिच्या? तिने माझ्याकडे बघितलं. मावशी, असं कुणी कुणाकडे बघू नये गं.

मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि मीच लिहिलं, 'आई'.

उरलेला अर्धा लोभ सोबत धाडला आहे. पोच कळव.

तुझी
भिंगरी